उघडी राहिलेली फेरी

पडद्यावर चौदाव्यांदा तीच लाल पट्टी उमटली. ‘स्थळकोशात लिहिता येत नाही. परवानगी नाकारली.’

चंद्रिका पावसेने ती वाचलीसुद्धा नाही. तिने मागे वळून वडिलांकडे पाहिलं. हरेश्वर पावसे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. कानामागे बोटभर निळी तार, दोन्ही हात मांडीवर. खारवली बंदराच्या या तांडेलाने चाळीस वर्षं बोट समुद्रात नेऊन बिनचूक परत आणली होती. आज त्यांना या खोलीचं दार कोणत्या भिंतीला आहे हेही सांगता येत नव्हतं. खोली लहान होती आणि दार उघडं होतं.

पुण्यात पाषाणच्या टेकडीखाली स्थलबोध केंद्राची ही तीन मजली इमारत आहे. डोक्याला इजा झाल्यामुळे जे लोक आपल्याच घरात हरवतात, त्यांना इथे वाटा पुन्हा शिकवतात. केंद्राला मराठीचा अभिमान असल्यामुळे तिथे एक परिभाषा समितीही आहे. तिने फोल्डरला ‘कोश’ आणि इन्स्टॉलरला ‘स्थापनसाधन’ असे शब्द घडवले. पहिला शब्द कसाबसा रुळला. दुसरा समितीबाहेर कुणी उच्चारला नाही. खेळाचा नकाशा रुग्णाच्या कोशात बसवणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमला सगळे ‘बसव्या’ म्हणत, आणि बसव्या गेले कित्येक दिवस काहीच बसवत नव्हता.

“मुकादमांना बोलवा,” डॉ. वैजयंती खोत म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख मेंदूतज्ज्ञ होत्या. हे वाक्य त्यांनी फार आधी म्हणायला हवं होतं, हे त्यांना स्वतःलाही कळत होतं.

इरफान मुकादम तिसऱ्या मजल्यावरून आला तो चहाचा कप हातात घेऊनच. पस्तिशीचा, बाणकोट खाडीकाठचा. कोणत्या यंत्राने कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, एवढंच त्याचं काम. खालच्या दोन मजल्यांवरच्या लोकांनी सगळे उपाय करून हात टेकले की त्याची आठवण व्हायची, आणि याबद्दल तो कधी तक्रार करायचा नाही. नुसता टोमणा मारायचा.

“सगळं बिघडवून झालं का? मग मी बघतो,” तो म्हणाला. खुर्चीतल्या माणसाला त्याने नमस्कार केला. “काका, कुठले तुम्ही?”

“खारवली,” हरेश्वर म्हणाले. त्यांची वाचा शाबूत होती. नावंगावं, माणसं, सगळं लक्षात होतं. “आज तिथ कोणती?”

“नवमी, आबा. सकाळीच सांगितली की,” चंद्रिका म्हणाली.

“नवमी,” असं म्हणून ते पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

“रोज सकाळी पहिला प्रश्न हाच,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “आम्ही कागदोपत्री लिहून ठेवलंय, कालभान उत्तम, स्वभाव धार्मिक.”

“धार्मिक कसले?” चंद्रिकेला एवढ्यातही हसू आलं. “एकादशीला सुकट भाजून घेणारा माणूस आहे तो.”

इरफानने खुर्ची ओढली. “आता मला पहिल्यापासून सांगा. मेंदूतलं मला कळत नाही.”

“मेंदूच्या आत खोलवर, समुद्रघोड्यासारखा दिसणारा एक भाग असतो,” डॉक्टर सांगू लागल्या. “तिथल्या काही पेशींना आम्ही स्थानपेशी म्हणतो. प्रत्येकीला आपापली जागा नेमून दिलेली असते. तुम्ही दाराशी आलात की एक पेशी जागी होते, जिन्यापाशी दुसरी. या पेशींच्या जागं होण्याच्या क्रमालाच आपण वाट म्हणतो. पावसेकाकांना बोटीवर झटका आला. बोट बंदराबाहेर भरतीची वाट बघत उभी होती, तेवढ्यात हे कोसळले. खलाशांनी यांना जाळ्यांवर झोपवून बोट आत आणली. हातापायांची ताकद परत आली, पण स्थानपेशी गप्प झाल्या. चालताना एकही जागी होत नाही.”

“आणि ही तार?”

“हा स्मृतिसेतू. आपण याच्या कोशात एखाद्या जागेचा नकाशा ठेवायचा. मग माणूस दर्शक-चष्मा लावून खेळातल्या त्या जागेत फिरतो, आणि फिरताना सेतू एकेका पेशीला सांगतो, ही तुझी जागा, ही तुझी. पंधरा दिवसांत घर ओळखू येतं. इतर रुग्णांना आलंय. नकाशा घरच्या माणसाने केलेला असला तर फार बरं, म्हणून आम्ही नेहमीचा नकाशे बनवायचा खेळच वापरतो. या मुलीने तर कमाल केलीय.”

चंद्रिका खारवलीच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायची. नकाशे बनवायचा तिला शाळेपासून नाद. आईने, ती होती तोवर, त्यावरून तिला पुष्कळ बोलणी घातली होती. गेले तीन महिने मात्र तिने त्या नादाचं सोनं केलं. घराच्या पायरीवरचा टवका, शेजारच्या काकूंची सुकत घातलेली बोंबलांची वलांडी, देवळापुढचा फुटका नळ, मागचे डोंगर सरकारी उंचीनकाशावरून जसेच्या तसे. चौदा आवृत्त्या झाल्या. चष्मा लावला की आबा घराच्या पायरीवर उभे राहायचे आणि एक पाऊलही टाकायचे नाहीत. बसव्या लाल पट्टी दाखवायचा.

“मुदत कधीची?” इरफानने विचारलं.

“नव्वद दिवस. मग तारेच्या टोकांवर शरीर आपलं आवरण चढवतं आणि सेतूला काही लिहिता येत नाही. आज सत्त्याऐंशीवा.”

इरफानने कप बाजूला ठेवला आणि कामाला लागला. पुढचा तासभर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. बसव्याला संचालकाचे अधिकार देऊन चालवून पाहिला, लाल पट्टी. नकाशाच्या फाईलला ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण तर नाही? नव्हती. बसव्या चुकीच्या ठिकाणी लिहू पाहतोय का? पत्ता बरोबर होता. वरच्या कोशाचा एखादा नियम खालच्यात उतरला असेल, तर तोही नव्हता. विषाणूरक्षक मध्ये कडमडतो म्हणून तो बंद केला. लाल पट्टी जागची हलली नाही.

“मालक कोण दाखवतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“तेच. खुद्द काका. आणि ते योग्यच आहे. कुणीही उठून कुणाच्या डोक्यात न पाहिलेलं गाव घालू नये, म्हणून हा कोश फक्त मालकाचं ऐकतो. मालकाचा मेंदू हो म्हणाला तरच बाहेरच्याला लिहिता येतं.”

चंद्रिकेचा आवाज बारीक झाला. “म्हणजे आबाच नाही म्हणतायत? माझ्या नकाशाला?”

 तिचं हे दुःख डॉक्टरांनी पूर्वी ऐकलं होतं. म्हणूनच तर चौदा आवृत्त्या झाल्या होत्या. प्रत्येक नकाराने पोरीला वाटायचं, आपणच काहीतरी विसरलो, म्हणून आबांना घर ओळखू येत नाही.

डॉक्टरांनी कपाटातून एक अर्ज काढला. “चंद्रिका, मी तुला हे शेवटपर्यंत सांगणार नव्हते. मालकी-बदल. जवळच्या नातेवाइकाने सही केली तर कोशाची मालकी केंद्राकडे घेता येते. मग परवानगीचा प्रश्न उरत नाही. उद्या सकाळी मालकी घ्यायची, लगेच नकाशा बसवायचा. दोन दिवस हातात राहतात. पुरेसे नाहीत, पण निदान घरातल्या घरात वावरता येईल.”

“मालकी घेतली की आतलं सगळं पुसलं जातं,” इरफान म्हणाला. “जुना एकही ठसा राहत नाही. कोरी पाटी.”

“आत काही नाहीच, मुकादम. पेशी गप्प आहेत. रिकाम्या कोशात पुसायचं काय?”

चंद्रिकेने अर्ज घेतला. तेवढ्यात आबा चुळबुळ करू लागले. ती चुळबुळ कशाची हे तिला आता पाठ होतं. सिस्टर आल्या, त्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन गेल्या. व्हरांड्यात सारखी दिसणारी चार दारं होती. दुसरं न्हाणीघराचं. सिस्टर आत न्यायच्या, आणि चंद्रिका बाहेर उजव्या हाताच्या बाकड्यावर बसून राहायची. दिवसातून सहा वेळा, सत्त्याऐंशी दिवस. सुरुवातीला आबा सिस्टरांचा हात झिडकारायचे. नंतर झिडकारेनासे झाले. ते बघून तिला जास्त रडू आलं होतं. वादळात खलाशांना शिव्या घालून ताळ्यावर आणणारा माणूस आता चार दारांपुढे पोरासारखा उभा राहतो आणि कुणी हात धरायची वाट बघतो, हे तिच्याने बघवत नव्हतं. ती बाकड्यावर बसली, अर्ज मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं.

“थांबा जरा.” इरफान दारात उभा होता. “सही करा, तुमचा हक्क आहे. पण आधी एक दाखवतो. या सेतूचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याने फार आळस केलाय. दोन वेगवेगळ्या अडचणींना त्याने एकच वाक्य दिलंय.”

“कसल्या दोन?” मागून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“फोल्डरमध्ये लिहू न देण्याची कारणं दोनच असतात. एक, तुम्हाला परवानगी नाही. दुसरं, परवानगी आहे, पण आत्ता आत दुसरं कुणीतरी लिहितंय. वही एकाच्या हातात असली की दुसऱ्याला थांबावं लागतं. आम्ही पहिलं कारण धरून बसलो. मी आता दुसरं तपासलं. आत काय लिहिलंय ते मला दिसत नाही, तो अधिकार नाही. पण कधी लिहिलं याच्या वेळा दिसतात.”

त्याने हातातला कागद पुढे धरला. ‘सोमवार पहाटे ५.१४, संध्याकाळी ५.३८. मंगळवार ६.०१ आणि ६.२४. बुधवार ६.४६.’ त्याखाली मागच्या आठवड्याच्या, त्याच्या मागच्या. सेतू बसवला त्या पहिल्या दिवसापासूनच्या.

डॉक्टर गोंधळल्या. “रोज दोनदा? आणि प्रत्येक दिवशी पुढे सरकलेली वेळ? हा सेतूचा दोष असेल. घड्याळ मागे पडत असेल.”

“मलाही तेच वाटलं. रोज सरासरी पाऊण तास सरकतंय. पण सेतूचं घड्याळ अचूक आहे.”

चंद्रिकेने कागद हातात घेतला. तिचे ओठ हलू लागले. “आज नवमी. नऊ पाऊणे... पावणेसात. काल अष्टमी. आठ पाऊणे सहा. परवा सप्तमी, सात पाऊणे सव्वापाच.” ती उठून उभी राहिली. अर्ज खाली पडला. “डॉक्टर, ही भरती आहे.”

“काय आहे?”

“भरती! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. आबा रोज तिथी का विचारतात? ते भरती काढतायत.”

इरफानने कपाळावर हात मारला. खाडीकाठी जन्मून हे आपल्याला सुचू नये, याची त्याला लाज वाटली असावी. “आमच्यात चंद्राची तारीख वेगळी मोजतात, पण पाणी तेच,” तो पुटपुटला.

डॉक्टर बाकड्यावर बसल्या. त्या हुशार होत्या आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःची चूक मान्य करता येत असे. “त्या दिवशी बोट कुठे होती म्हणालीस?”

“बंदराच्या तोंडाशी. आमच्या बंदराच्या वाटेत खडक आहेत. पाणी चढल्याशिवाय आत शिरता येत नाही. तांडेल बाहेर थांबतो, भरती पुरी झाली की काठावरच्या खुणा धरून बोट आत घेतो.”

“आणि थांबले असतानाच झटका आला. म्हणजे बोट आत आली, पण ते आले नाहीत.” डॉक्टर हळूहळू बोलत होत्या. “माणूस निघाला की मेंदू वाट लिहायला घेतो. पोचला की पान मिटतो. यांचं पान मिटलेलंच नाही. पेशी गप्प नाहीत, त्या सगळ्या त्या एकाच पानावर अडकल्यात. तीन महिने हा माणूस बंदराबाहेर उभा आहे. प्रत्येक भरतीला आत यायला बघतो, खुणा दिसत नाहीत, म्हणून पुन्हा बाहेर थांबतो. आणि आपण त्याला रोज घराच्या पायरीवर नेऊन उभं करत होतो. बोटीतला माणूस पायरीवर पाऊल ठेवील कसा?”

“आणि उद्या सकाळी आपण तेच पान पुसणार होतो,” इरफान म्हणाला. त्याने खाली पडलेला अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

“मग आता?” चंद्रिकेने विचारलं.

“आता बसव्याला हात लावायचा नाही. कोशात काही बसवायचं नाही. नुसतं दाखवायचं, बघायला परवानगी लागत नाही. मालक स्वतः लिहील. नकाशात तुमचा सुरुवातीचा बिंदू कुठे आहे?”

“घराची पायरी.”

“तो समुद्रात न्या.”

 खारवलीत बायका बोटीवर पाय ठेवत नाहीत. मासळी उतरली की पुढचं सगळं बायकांचं, पण धक्क्यापलीकडचं पाणी पुरुषांचं. चंद्रिका एकोणतीस वर्षं त्या गावात राहिली आणि आपलं गाव समुद्रातून कसं दिसतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नकाशात धक्क्यापुढे निळा रंग होता, बस्स. चौदाही आवृत्त्यांत तिने आबांना आपल्या गावी बोलावलं होतं, त्यांच्या गावी नाही.

दुसऱ्या दिवशी दशमी होती. दहा पाऊणे साडेसात. सकाळी सात वाजताच सगळे तयार होते. चंद्रिकेने बंदराच्या तोंडापलीकडे अर्ध्या मैलावर सुरुवातीचा बिंदू ठेवला होता आणि निळ्या रंगात खडक पेरले होते. खडकांच्या जागा तिने खलाशी दामाजीला फोन करून विचारून घेतल्या. तो आधी “तुला कशाला गो पायजे?” म्हणाला, आणि मग कारण कळल्यावर रडत रडत एकेक खडक सांगत गेला. इरफानने व्यायामाच्या खोलीतला लाकडी दांडा आणून त्याला हालचाल टिपणारी चकती चिकटवली आणि तो सुकाणूसारखा आबांच्या उजव्या काखेशी येईल असा बसवला.

डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांवर दर्शक-चष्मा चढवला.

आधी काहीच झालं नाही. मग हरेश्वरांची पाठ सरळ झाली. हाताने चाचपून त्यांनी दांडा शोधला आणि पकडला, आणि त्या पकडीत काही शोधणं उरलं नाही. पडद्यावर चंद्रिकेला तेच दिसत होतं जे त्यांना दिसत होतं: मागचे डोंगर, देवळाचा कळस, घरांची रांग, सगळं उलट्या बाजूने, लहान आणि ओळखीचं नसलेलं. हे आपलंच गाव आहे यावर तिचाच विश्वास बसेना.

“पेशी जाग्या होतायत,” डॉक्टर कुजबुजल्या. “एक... चार... अरे बापरे.”

बोट पुढे सरकली. डावीकडचा पहिला खडक त्यांनी अंगावरची माशी हाकलावी इतक्या सहज चुकवला. दुसरा. मग बोट मंदावली. हरेश्वरांनी दांडा ओढून धरला. बोट एका जागी गोल फिरू लागली.

“आबा, काय झालं?”

“कळस दिसतोय,” हरेश्वर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “त्याच्याखाली टाकी पायजे. टाकी कुठं हाय? टाकी नाय तर वाट नाय.”

चंद्रिकेला क्षणभर कळेना. मग कळलं. बर्फ कारखान्याच्या छपरावरची गंजकी पाण्याची टाकी. गावातली सगळ्यात कुरूप वस्तू. ती रोज त्या टाकीखाली आठ तास कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत उभी राहायची. आबांचं गाव सुंदर दिसावं म्हणून तिने चौदाही आवृत्त्यांत कारखाना बसका आणि टाकीविना केला होता.

“भरती किती वेळ आहे?” इरफानने विचारलं.

“अर्धा तास. त्यानंतर आबा आत शिरणार नाहीत, कितीही सांगा. पाणी उतरलं की ते मागे फिरतील.”

ती बोलेपर्यंत तिचे हात चालू झाले होते. चार पाय, त्यावर नळकांडं, गंजाचे ओघळ. मापं तिला आठवावी लागली नाहीत. डाव्या पायाला मागच्या वर्षी वेल्डिंग केलं होतं, तेसुद्धा तिने केलं. कशाला केलं कोण जाणे. अर्ध्या मैलावरून वेल्डिंग दिसत नाही. हात करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सात वर्षं ती त्या टाकीखाली काम करत होती, आणि सात वर्षं आबा त्या टाकीवर नजर ठेवून घरी येत होते. त्यांनी हे कधी तिला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नसेल.

सात चाळीसला टाकी छपरावर उभी राहिली.

हरेश्वरांनी मान किंचित वर केली. “ही काय हाय,” ते म्हणाले. जणू त्यांचीच नजर चुकली होती, टाकी तिथेच होती. त्यांनी दांडा लोटला. देवळाचा कळस हळूहळू डावीकडे सरकला, टाकीच्या बरोबर डोक्यावर आला, आणि तिथून हलला नाही. दोन्ही बाजूंनी खडक मागे गेले.  बोट धक्क्याला लागली तेव्हा त्यांनी डावा हात बाजूला टाकला, दोरी फेकतात तसा.

“आलो रे,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी स्वतःच चष्मा काढला, डोळे चोळले आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की सिस्टर दारातून डोकावल्या.

इरफान दुसऱ्या पडद्यावर वाकला होता. “पान मिटलं! कोश मोकळा झाला, डॉक्टर. आणि...” तो थबकला. “काहीतरी धडाधड लिहिलं जातंय.”

“कोण लिहितंय?”

“कोणी नाही. रांग सुटलीय. वही कुणाच्या हातात असली की बाकीचं सगळं रांगेत थांबतं ना, तेच. तीन महिन्यांचं साठलेलं.”

“तीन महिन्यांचं काय साठलंय?” डॉक्टरांनी विचारलं, पण उत्तराला त्या थांबल्या नाहीत. मुदतीचे दोन दिवस त्यांच्या डोक्यात घोळत होते. “ते होऊ दे. कोश मोकळा आहे तोवर घराचा नकाशा बसवून घ्या. चंद्रिका, बसव्या चालव.”

चंद्रिकेने बसव्या उघडला. घराची पायरी, बोंबलांची वलांडी, देवळापुढचा नळ, सगळं गोळा करून तिने ते चौदा वेळा नाकारलं गेलेलं बटण पंधराव्यांदा दाबलं. या वेळी पट्टी लाल नव्हती. पांढरी होती. इतक्या दिवसांत तिने ती कधी पाहिली नव्हती, म्हणून तिने ती मोठ्याने वाचली.

“‘या जागेचा नकाशा इथे आधीपासून आहे. त्यावर नवा लिहायचा का?’”

 डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसतच राहिल्या.

“आधीपासून,” चंद्रिका म्हणाली. “सगळं होतं. पायरीसकट.”

“बंदराच्या आत होतं,” इरफान म्हणाला. “ते बाहेर होते.”

खाली दोन बटणं होती. चंद्रिकेने ‘नाही’ दाबलं. मग आबांना सांगायला म्हणून ती मागे वळली.

खुर्ची रिकामी होती.

 चंद्रिका धावत बाहेर आली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. एकसारखी चार दारं, चारही बंद. मागून डॉक्टर आणि इरफान आले आणि तेही तिथेच थिजले. जिन्याकडे गेले असतील तर? सिस्टर कुठे गेल्या?

दुसऱ्या दाराआडून नळ सोडल्याचा आवाज आला.

“आबा?” तिने दाराला हात लावला.  “आबा, तुम्ही आहात का आत?”

“मी नाय तर कोण? दार ठोकू नको गो, येतो,” आतून हरेश्वरांचा वैतागलेला आवाज आला. सत्त्याऐंशी दिवस सिस्टरांच्या हाताला धरून, दिवसातून सहा वेळा ते इथे आले होते. त्यातली प्रत्येक खेप रांगेत थांबून राहिली होती. “तू बस जा तुझ्या जागेवर. बाहेर, उजव्या हाताला, बाकड्यावर. रोज बसतेस ना?”

चंद्रिका उजवीकडे गेली आणि बाकड्यावर बसली.

“बसले, आबा,” ती म्हणाली.